राइट रेनवर घोडा डोकं वर फेकतो, स्पर्धा तोंडावर आलीय – मदत हवी आहे

दुडकीवाली
सरळ मुद्द्यावर येते. घोडा ड्रेसेजचा. लेफ्ट रेनवर, म्हणजे डावीकडं वळून चालताना, सगळं व्यवस्थित आहे. राइट रेनवर, म्हणजे उजवीकडं, मैदानाच्या कडेच्या बी अक्षरापासून २० मीटरचं वर्तुळ सुरू केलं की अर्ध्यात डोकं वर, पाठ दगडासारखी, ट्रॉट (दुडकी) तुटतो. कॅन्टर (हळू दौड) मागितला तर लीड, म्हणजे पुढं जास्त पडणारा पाय, चुकीची घेतो. गेल्या शोला याच दोन हालचालींना दहापैकी ४ आणि ४.५ मिळाले, बाकी कागदभर ६ आणि ६.५. जजनी शेरा मारलाय 'अगेन्स्ट द हँड', म्हणजे घोडा हाताला विरोध करतो. ते मला वरती बसून कळतंच की. करायचं काय? कोच म्हणतात पाय लाव, म्हणजे पोटाला पायानं दाब. पाय लावला की अजून वर जातो. पुढच्या महिन्यात पुण्यात तीच टेस्ट आहे, एन्ट्री भरून झालीय. 'संयम ठेवा' सोडून काहीही सांगा.

माळावरचा
घोडा कुठला? वय काय? कधी घेतला? बिट (तोंडातली लगामाची कडी) कोणता? सराव कुठं करता? ताई, डॉक्टरला नुसतं 'दुखतंय' सांगून औषध मागितल्यासारखं झालं हे.

दुडकीवाली
थरोब्रेड, रेसमधून आलेला. आठ वर्षांचा. साधा स्नॅफल. टेस्ट प्रिलिमिनरी आहे, म्हणजे वॉक-ट्रॉट-कॅन्टर, त्यात विशेष काही नाही. सराव काकांच्या माळावर, शहराबाहेर. २० बाय ४० फक्कीनं आखलंय, अक्षरं रंगाच्या डब्यांवर. आता सांगा.

पन्हाळा_पॉइंट
मार्टिंगेल (डोकं वर जाऊ न देणारा पट्टा) लावा. आमच्याकडं डोकं फेकणाऱ्या सगळ्या घोड्यांना तेच. आठवड्यात डोकं खाली, विषय संपला.

माजी_रिसाला
मार्टिंगेल ड्रेसेजला चालत नाही. स्पर्धेत लावून गेलात तर टेस्ट संपायच्या आधी घरी. साइड रेन (तोंडापासून खोगिराला बांधलेला लगाम) सुद्धा लंजिंग, म्हणजे खाली उभं राहून लांब दोरीवर गोल फिरवणं, करतानाच. आणि डोकं दोरीनं खाली बांधून घोडा हाताला येत नाही, नुसता मानेत वाकतो, मागचे पाय मागंच राहतात. दोरी काढली की पहिल्यापेक्षा वर.
माझं ऐका. रोज राइडच्या आधी वीस मिनिटं लंजिंग, दोन्ही बाजूंनी, वर्तुळ मोठं. आधी लय, मग सैलपणा, मग हाताशी संपर्क. हा क्रम उलटा केला की पुढं सगळंच उलटं. रेसचा घोडा बिटवर भार टाकून पळायला शिकलेला असतो. तुम्ही लगाम धरला की त्याला वाटतं पळायचंय.

पन्हाळा_पॉइंट
साहेब, पुस्तकात बरोबर आहे. त्यांची स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे, पुढच्या वर्षी नाही.

माजी_रिसाला
मग पुढच्या वर्षी जावं. घोड्याकडं कॅलेंडर नसतं.

तांबडा_पांढरा
जरा बाजूला जाऊन विचारतो, ड्रेसेज म्हणजे नक्की काय ओ? लग्नात घोडा नाचवतात तसंच काहीतरी? व्हिडिओ बघितला, मला तर तो माणूस नुसता बसल्यासारखा वाटला.

माजी_रिसाला
नुसता बसल्यासारखा वाटला म्हणजे चांगला बसला होता. २० बाय ४० किंवा २० बाय ६० मीटरचं मैदान, कडेला अक्षरं. प्रत्येक अक्षरावर ठरलेली हालचाल करायची. प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण, त्यांचे टक्के काढतात. ठेका धरला का, सरळ चालला का, हुकूम न दिसता मानला का, हे बघतात. ऑलिम्पिकमध्ये १९१२ पासून आहे. लग्नातल्या घोड्याशी काही संबंध नाही.

रेवालप्रेमी
थरोब्रेड घेतला तिथंच निम्मं बिनसलं. रेसचं जनावर, डोकं गरम, पाय नाजूक. त्याच पैशात सारंगखेड्याच्या यात्रेत देखणा मारवाडी नाहीतर काठेवाडी मिळाला असता. रेवाल चालीचा घोडा घ्या, पोटातलं पाणी हलत नाही! आपलं जनावर, आपली हवा, आजारी पडत नाही.

माळावरचा
रेवालवाल्यांना प्रत्येक धाग्यावर हेच दिसतं. अहो, रेवाल चालीत बऱ्याचदा एकाच बाजूचे पुढचा-मागचा पाय जवळजवळ बरोबर पडतात, म्हणून तर पोटातलं पाणी हलत नाही. ड्रेसेजला ट्रॉट म्हणजे तिरके समोरचे पाय (पुढचा डावा-मागचा उजवा, मग उलट) जोडीनं, स्पष्ट दोन ठोके. रेवाल घोड्याला ट्रॉट शिकवण्यात दोन वर्षं जातील. यात्रेत चार पैसे जास्त आणणारा गुण मैदानात गुण खातो.

रेवालप्रेमी
सगळे मारवाडी रेवाल नसतात. चांगला ट्रॉट असलेले भरपूर आहेत, नीट बघून घ्यायचे असतात. आणि देशी म्हटलं की नाक मुरडायचं हे थांबवा. आपल्या दख्खनच्या भीमथडी घोड्याला कर्नालच्या, जनावरांच्या जातींची नोंद करणाऱ्या संस्थेनं वेगळी जात म्हणून मान्यता दिलीय. मराठ्यांनी अटकेपर्यंत थरोब्रेडवरून मजल मारली नव्हती.

तांबडा_पांढरा
नाद खुळा 🔥

दुडकीवाली
घोडा मी विकायला काढलेला नाही. जात बदलायचा सल्ला नकोय. राइट रेनचं कुणी काही सांगेल का?

कट्टा_नं_१
खरं सांगू का, ही साहेबी खेळं. आपल्या लोकांना जमणारी नाहीत, उगाच पैसा घालवायचा.

माळावरचा
२०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये ड्रेसेजच्या सांघिक स्पर्धेत भारताचं सुवर्ण आहे. घोडेस्वारीत १९८२ नंतरचं पहिलं. त्याच स्पर्धेत अनुष अगरवालाला वैयक्तिक कांस्य, आणि तोच पुढं २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकला गेला. ऑलिम्पिक ड्रेसेजमधला पहिला भारतीय. जरा बघत जावा.

कट्टा_नं_१
घोडे तिकडचे, ट्रेनिंग तिकडचं. इथल्या माळावर फक्की मारून सुवर्ण येत नाही.

माळावरचा
घोडे वार्मब्लड (खेळासाठी पैदास केलेल्या युरोपियन जाती) होते, तयारी युरोपात झाली, मान्य. पण ताईंनी कुठं सुवर्ण मागितलंय? त्यांना ४ चे ६ करायचेत.

जनावरांचा_डॉक्टर
सगळं वाचलं. गाडी लगामावरून खाली उतरेना म्हणून लिहितो. प्रश्न विचारतो, उत्तरं द्या.
दात शेवटचे कधी घासले? दाणा खाताना तोंडातून सांडतो का? गवताचे अर्धवट चावलेले गोळे खाली पडलेले दिसतात का? खोगीर एका बाजूला सरकतं का, कुठल्या? नोजबँड (नाकावरचा पट्टा) किती आवळता?

दुडकीवाली
दात घेतल्यापासून बघितलेले नाहीत, आधीच्या मालकानं बघितले असतील. दाणा सांडतो, पण मोतद्दार म्हणतो खादाड आहे, घाईत खातो. गोळे असतात गव्हाणीपाशी. खोगीर डावीकडं सरकतं, म्हणून तंग अजून एक भोक आवळतो. नोजबँड नेहमीसारखा.

जनावरांचा_डॉक्टर
नेहमीसारखा म्हणजे काय ते मला माहीत नाही. नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज गेली पाहिजेत. ते आजच बघा.
दातांचं असं. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, आणि दात आयुष्यभर थोडे थोडे बाहेर येत राहतात. चावून चावून वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड धारदार होते. वरची धार गालाला कापते, खालची जिभेला. स्नॅफलनं आणि नोजबँडनं गाल त्या धारेवर दाबला गेला की घोडा डोकं वर करणारच. दाढांच्या पुढं येणारा तो छोटा जादा दात असेल तर बिट त्यावरही आपटतो. वर्षातून एकदा तरी तोंड उघडून बघायचं, गुंगीचं इंजेक्शन देऊन. आणि कृपा करून गवताच्या गोळ्यांना खादाडपणा म्हणू नका, त्याला चावता येत नाहीये.
खोगिराचं मला जास्त खटकतंय. तंग आवळून ते झाकू नका. मागून व्हिडिओ काढा, दुसऱ्या कुणाला तरी बसवून.

माजी_रिसाला
डॉक्टर बरोबर बोलतायत. मीही एक जोडतो, हे मघाशीच लिहायला हवं होतं कुणीतरी. राइट लीडचा कॅन्टर कुठल्या पायापासून सुरू होतो? मागच्या डाव्या. मग तिरकी जोडी, मागचा उजवा आणि पुढचा डावा, शेवटी पुढचा उजवा. राइट लीड देत नाही, खोगीर डावीकडं जातं. मागचा डावा पाय बघा.

पन्हाळा_पॉइंट
आता पायावर आले. मघाशी लंजिंग करा म्हणत होता.

माजी_रिसाला
मघाशी खोगीर डावीकडं सरकतं हे लिहिलं नव्हतं.

आई_राजारामपुरी
नमस्कार, छान माहिती. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला घोडेस्वारी शिकायचीय. कोल्हापुरात कुठं शिकवतात, फी किती असते? रंकाळ्यावर फेरी मारून झालीय, तिला खूप आवडलं.

तांबडा_पांढरा
ताई, हेल्मेट आधी घ्या, घोडा नंतर. मीपण विचारणार होतो, कोल्हापूरच्या माणसानं स्पर्धेत फेटा बांधला तर चालतो का? 😀

माळावरचा
नाही चालत. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आता टॉप हॅटसुद्धा बंद, हेल्मेट सक्तीचं. फेटा शाही दसऱ्याला.

दुडकीवाली
अपडेट. डॉक्टर येऊन गेले. उजवीकडं वरच्या शेवटून दुसऱ्या दाढेला धार होती, गालाला आतून चट्टा पडलेला. जादा दात नाही. दाढा घासल्या, काही दिवस बिटशिवाय फक्त हॉल्टरवर (साध्या म्होरकीवर) फिरवायला सांगितलंय. नोजबँड दोन भोकं सैल केला. आज वॉक, ट्रॉट आणि थोडा कॅन्टर केला, डोकं कमी वर जातंय. पण कॅन्टरचं तसंच. व्हिडिओ काढला, भाऊ बसला होता, त्याचंही खोगीर डावीकडंच गेलं. म्हणजे माझ्या बसण्याचा दोष नाही. डॉक्टर म्हणाले मागचा डावा वाकवून धरून सोडला की पहिली काही पावलं नीट टाकत नाही. मागच्या पायाचा मधला सांधा, हॉक. एक्स-रे काढून बघा म्हणाले.

पन्हाळा_पॉइंट
स्पर्धेपुरतं ब्यूट (दुखणं दाबणारं औषध) द्या की. दोन दिवस आधी सुरू करा, टेस्ट मारून या, मग काय आराम करायचा तो करा. रेसवाले हेच करतात.

जनावरांचा_डॉक्टर
असलं इथं लिहू नका. ब्यूट, म्हणजे फिनाइलब्युटाझोन, स्पर्धेत अंगात चालत नाही, नमुन्यात सापडतं. आणि दुखणं दाबून कॅन्टर घेतला तर आज जे सांध्यापुरतं आहे ते उद्या कायमचं होईल. पोटात अल्सर होतो तो वेगळाच. रेसवालेही असं करत नाहीत, तिथंही नमुने घेतात.

पन्हाळा_पॉइंट
ठीक आहे, माझा फक्त विचार सांगितला. एन्ट्रीचे पैसे काय तुम्ही देणार आहात का?

दुडकीवाली
पैशाचं मी बघते. फक्त वॉक-ट्रॉटची टेस्ट असते ती घेऊन जाऊ का? तिच्यात कॅन्टर नाही.

माजी_रिसाला
लंगडणारा घोडा ट्रॉटमध्येच दिसतो. दोन ठोक्यांतला एक हलका पडतो. घंटी वाजायच्या आधी जजला कळेल, आणि तिनं घंटी वाजवून बाहेर काढलं तर ती बरोबरच असेल.

जनावरांचा_डॉक्टर
एक्स-रे आधी. त्याशिवाय कुठल्याच टेस्टचं नाव काढू नका. आणि पुण्याला न्यायचाच झाला तर आरोग्याचा दाखला आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या साथीच्या रोगाचा निगेटिव्ह रिपोर्ट मागतात, तो एका दिवसात हातात पडत नाही. हे लक्षात ठेवून तारखा बघा.

दुडकीवाली
एन्ट्री मागं घ्यायचा मेल केला. पैसे परत नाहीत म्हणाले. असो. आता प्रश्न बदलला. कोल्हापूर-सांगली-मिरज पट्ट्यात मोठ्या जनावराचा एक्स-रे जाग्यावर येऊन काढणारं कुणी आहे का? गाडीत घालून फार लांब न्यायची इच्छा नाही, त्याच पायावर भार येतो.

माळावरचा
मिरजेच्या बाजूला एकाकडं पोर्टेबल मशीन आहे असं ऐकलंय. विचारून व्यनि करतो. नाहीच झालं तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून बघा, पुण्याच्या रस्त्यावरच आहे, निदान पुण्यापर्यंत जावं लागणार नाही.

जनावरांचा_डॉक्टर
गाडीत घातलाच तर पायाला चारी बाजूंनी जाड बँडेज, गाडीत खाली भुस्सा टाका, दर दोन-तीन तासांनी थांबून पाणी. फिल्म आली की हॉकच्या चारही बाजूंचे फोटो इथं टाका, एका बाजूनं बघून काही कळत नाही.

रेवालप्रेमी
काठेवाडीचे हॉक बघा एकदा, लोखंड.

आई_राजारामपुरी
फी कुणी सांगेल का?