ब्लॉक मोठा करायचा का नाही, आणि ठरवणार कोण?

आडतवाला_लातूर

बिटकॉइनवाल्यांत परत भांडण लागलंय. कोअर नावाचं जे मुख्य सॉफ्टवेअर आहे त्याची ३०वी आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली आणि त्यात ओपी-रिटर्नची मर्यादा काढल्यासारखीच केली. आधी व्यवहाराला ८० बाइटची चिठ्ठी चिकटवता यायची, आता जवळपास १ लाख बाइटची. ह्यावर चिडून कितीक जण नॉट्स नावाचं दुसरं सॉफ्टवेअर चालवायलेत. मला त्या चिठ्ठीशी काही देणंघेणं नाही, माझं दुखणं जुनं आहे. चिठ्ठ्याचपाट्यांना आता जागा निघायली, मग २०१७ ला माझ्या व्यवहाराला कामून नव्हती?

सांगतो. नोव्हेंबर २०१७, मोंढ्यात सोयाबीनची आवक जोरात, आणि दुकानातला पोरगा रोज सकाळी पट्ट्या लिहायच्या आधी बिटकॉइनचा भाव दाखवायचा. मी दोन-दोन हजार करून तीनदा घेतलं, मोबाइलच्या वॉलेटात काढून ठेवलं. डिसेंबरात पुण्याच्या भाच्याला तीन हजाराचं पाठवावं म्हणलं तर फी दाखवली तेवीसशे. चष्मा पुसून परत बघितलं, तेवीसशेच. त्या आठवड्यात सरासरी फीच ५० डॉलरच्या वर गेली होती म्हणे.

कारण काय, तर १ एमबीचा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, दहा मिनिटाला एक. ही मर्यादा बिटकॉइन काढणाऱ्या सातोशीनं २०१० मध्ये घातली आणि लागली तर पुढं वाढवता येईल हे बी त्यानंच सांगून ठेवलं होतं. आमच्याकडं गाड्या रस्त्यावर उभ्या राहायला लागल्या की काटे वाढवतात, हमाल वाढवतात. एकच काटा ठेवून "जो जास्त देईल त्याचा माल आधी मोजू" म्हणलं तर शेतकरी आडत्याला गादीसकट उचलून बाहेर ठेवतील. बिटकॉइनमध्ये ह्यालाच फी मार्केट म्हणायचं अन वर मिशीला पीळ द्यायचा. बोला.

दुधनाकाठचा

काका असहमत. काट्याचं उदाहरणच चुकलं. मोंढ्यात एकानं मोजलं की बाकीचे मानतात, इथं प्रत्येक नोड, म्हणजे हे सॉफ्टवेअर चालवणारा कॉम्प्युटर, प्रत्येक कट्टा स्वतः परत मोजतो, कुणाच्या पट्टीवर विश्वास नाही म्हणून तर हा सगळा उपद्व्याप आहे. आवक दहापट केली तर मोजणाऱ्या प्रत्येकाचं काम दहापट होतं.

मी सेलूला घरी नोड चालवतो. भावाचा जुना लॅपटॉप, त्याला १ टीबीची एसएसडी, आणि उन्हाळ्यात तो कूलरच्या शेजारी स्टुलावर ठेवतो नाहीतर तापून बंद पडतो. पहिल्यांदा सगळी साखळी, म्हणजे आजवरचे सगळे ब्लॉक, उतरवून तपासायला मला सतरा दिवस लागले. कारण लाईट. लॅपटॉपची बॅटरी कवाच मेलेली, त्यात गल्लीतला डीपी जळाला त्यात दोन दिवस गेले, आणि चालू असताना झटक्यात लाईट गेली की डेटा खराब होतो मग रीइंडेक्स मारा, म्हणजे २००९ पासून परत मोजत या. तीनदा झालं असं. आई म्हणायची कुणाचा एवढा हिशोब करायलास. शेवटी इन्व्हर्टरवरून वेगळी वायर ओढली तेव्हा कुठं तो टिकला.

आता तुमचा मोठा ब्लॉक धरू. ३२ एमबीचे भरलेले ब्लॉक, दिवसाला १४४, झाले ४.६ जीबी, वर्षाला १.६८ टीबी. दर वर्षी दोन एसएसडी, आणि एकदा लाईट गेली की मी कधीच गाठू शकणार नाही. मग नोड कोण चालवणार? मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटरं. तेव्हा मग बँकच काय वाईट होती?

आडतवाला_लातूर

तुमच्या चिकाटीला दाद द्यावी लागंल, पण एक विचारतो राग मानू नका, सेलूतला एक नोड बंद पडला तर जगाचं काय बिघडतं? तुम्ही तपासणारे, मी वापरणारा. तुमचा लॅपटॉप कूलरपाशी गार राहावा म्हणून मी तेवीसशे द्यायचे का? आणि ३२ कुणी मागितलं, आम्ही २ मागत होतो तेव्हा २ ला पण नाही म्हणले. मोठ्या ब्लॉकचं सॉफ्टवेअर म्हणून २०१५ ला एक्सटी आलं, २०१६ ला क्लासिक आलं, दोन्हीचा गळा घोटला. एक्सटीवाला माइक हर्न सगळी नाणी विकून जानेवारी २०१६ मध्ये निघून गेला. गॅव्हिन अँड्रेसन, ज्याच्या हाती सातोशीनं काम सोपवलं, त्याची कोडमध्ये बदल करायची चावी मे २०१६ मध्ये काढून घेतली. ही कसली मालक नसलेली व्यवस्था.

दुधनाकाठचा

गॅव्हिनची चावी ब्लॉकच्या भांडणावरून नाही गेली. क्रेग राइट नावाचा माणूस हाच सातोशी आहे असं तो जाहीर सांगून बसला, लोकांना वाटलं ह्याचं अकाउंट हॅक झालंय म्हणून चावी काढली. आणि राइट सातोशी नाही हे लंडनच्या हायकोर्टानं मार्च २०२४ मध्ये सांगितलंच की. अर्धी गोष्ट सांगू नका काका.

पैठणगेट_वकील

धागाकर्त्यांनी शीर्षकात विचारलेला दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, ठरवणार कोण. एमबीचं भांडण हे निमित्त.

मे २०१७ मध्ये न्यूयॉर्कला करार झाला. ५८ कंपन्या, आणि ८० टक्क्यांवर मायनिंगची, म्हणजे नवे ब्लॉक काढायची ताकद त्यांच्या बाजूला. ठरलं काय तर आधी सेगविट (सह्यांचा डेटा वेगळा मोजायचा बदल), मग २ एमबी. बैठकीत सुपारी फुटली आणि नवरीकडच्यांना पत्ताच नाही, तसला प्रकार. कोअरचे लोक त्यात नव्हते, नोड चालवणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. तिकडे सामान्य नोडवाल्यांनी जाहीर केलं की १ ऑगस्टपासून सेगविटला पाठिंबा न दाखवणारा ब्लॉक आम्ही घेणारच नाही. मायनर जुलैतच वळले, २४ ऑगस्टला सेगविट लागू झालं, आणि २ एमबीचा उरलेला अर्धा करार ८ नोव्हेंबरला त्याच मंडळींनी स्वतः मागे घेतला. ज्यांना मोठाच ब्लॉक हवा होता त्यांनी १ ऑगस्टलाच ८ एमबीचं बिटकॉइन कॅश वेगळं काढलं.

म्हणजे घटना लिहिलेली नाही, मतदार यादी नाही, तरी निर्णय झाला. साखर कारखान्यात निदान सभासदांची यादी असते, त्यावरही कोर्टात तारखा चालतात (पोट त्यावरच चालतं म्हणून तक्रार नाही). इथे यादीच नाही म्हणून बोगस सभासदही घुसवता येत नाहीत. जो जे सॉफ्टवेअर चालवतो तेच त्याचं मत.

बीडबायपास

वकील साहेब छान सांगितलंत पण नोडवाल्यांनी जिंकलं ही सोयीची दंतकथा आहे. नोड काय, एक माणूस भाड्याच्या सर्व्हरवर हजार उभे करू शकतो, ते मोजून काही ठरत नाही. ठरवलं भावानं. २ एमबीवाल्या नाण्याचे वायदे काही एक्सचेंजवर साखळीला फाटा फुटायच्या आधीच सुरू झाले होते आणि त्याचा भाव मूळ बिटकॉइनच्या कितीतरी खाली होता. मायनरला वीजबिल भरायचं असतं, ज्या नाण्याला भाव तिकडं तो जाणार. बाकी सगळी टोप्या घालून काढलेली मिरवणूक. आणि आडतवाल्या मालकांना हे मी समजावून सांगायचं म्हणजे कमालच झाली.

आडतवाला_लातूर

हे मला पटलं. पण भावानं ठरवलं म्हणजे ज्याच्याकडं माल जास्त त्यानं ठरवलं. मोंढ्यात बी तेच होतं, फक्त आम्ही त्याला लोकशाही म्हणत नाही.

निवृत्त_कॅशियर_नांदेड

मंडळी, तुमचं भांडण वाचून करमणूक होतेय. यूपीआयनं ऑगस्ट २०२३ मध्येच महिन्याला १००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. तुमचं यंत्र दिवसाला काही लाख. गुरुद्वाऱ्यासमोरचा चहावाला स्कॅनर लावून बसलाय, त्याला ब्लॉक किती एमबीचा हे ठाऊक नाही. यूपीआय चालवणारी एनपीसीआय एक परिपत्रक काढते, बँका गुमान पाळतात, संपलं. वर तुम्हाला नफ्यावर ३० टक्के कर आणि विकताना १ टक्का टीडीएस. कशासाठी हा खटाटोप?

पैठणगेट_वकील

कॅशियर काका, त्याच परिपत्रकाची दुसरी बाजू आठवा. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं, क्रिप्टोवाल्यांना बँकांनी सेवा देऊ नये. एका कागदावर सगळं ठप्प. सुप्रीम कोर्टानं ते ४ मार्च २०२० ला रद्द केलं, जवळपास दोन वर्षांनी. आणि २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये यूपीआय बसलं होतं तेव्हा तुमच्या चहावाल्यानं काय केलं?

निवृत्त_कॅशियर_नांदेड

उधारी लिहिली.

गॅसवाला_जालना

इथं कुणी इथेरियमचं, म्हणजे दुसऱ्या मोठ्या साखळीचं नाव काढंना म्हणून मीच लिहितो. तिकडं बदल करायला घाबरत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये चालत्या गाडीचं इंजिन बदलावं तसं मायनिंगच बंद करून टाकलं. मार्च २०२४ मध्ये ब्लॉब (डेटा ठेवायची स्वस्त जागा) आणले, त्यानं वरच्या थरातल्या रोलअपची (व्यवहारांची मोट बांधून खाली पाठवणाऱ्यांची) फी एकदम खाली आली. मूळ साखळीवर गर्दी नको, वर थर चढवा आणि खाली फक्त हिशोब टेकवा. बिटकॉइनवाले ओपी-रिटर्नच्या ८० बाइटवरून एकमेकांची आयमाय काढायलेत आणि तिकडं दरसाल नवीन अपग्रेड.

दुधनाकाठचा

२०१६ च्या जूनमध्ये इथेरियमवरच्या डाओ नावाच्या फंडातून ३६ लाख इथर (तिथलं नाणं) चोरीला गेले तेव्हा पुढच्याच महिन्यात फाटा फोडून ते परत फिरवले, हे बी सांगा ना. चोराचे पैसे होते म्हणून सगळ्यांना गोड वाटलं. उद्या कुण्या सरकारनं सांगितलं ह्याचे फिरवा तर? ज्यांना नाही पटलं ते इथेरियम क्लासिक घेऊन वेगळे बसलेत आजपर्यंत. दरसाल अपग्रेड करता येतं म्हणजे दरसाल कुणीतरी नियम बदलू शकतं.

गॅसवाला_जालना

आणि तुमच्याकडं बदल होतच नाही म्हणून जे होतं ते कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं. २०२१ ला टॅपरूट नावाचं अपग्रेड आणलं, कशाला आणलं आणि २०२३ ला लोकांनी त्यात माकडाची चित्रं कोंबली. त्या फेब्रुवारीत जवळपास ४ एमबीचा एक ब्लॉक निघाला, त्यात बहुतेक एकाच चित्राचा डेटा. म्हणजे ब्लॉक मोठा झालाच की, फक्त आडतवाल्या काकांच्या व्यवहारासाठी नाही झाला 😀

दुधनाकाठचा

हे बोलणं लागलं. सेगविटनं ब्लॉकचं माप वजनात गेलं, सह्यांच्या डेटाला सूट मिळाली, त्या सुटीत चित्रं घुसली. मला पण नाही आवडलं, माझ्या एसएसडीवर ती माकडं बसलीत. म्हणून मी बी नॉट्स टाकलंय. पण नॉट्स टाकून मी फक्त माझ्या दारातून ती चिठ्ठी पुढं जाऊ देत नाही एवढंच, मायनरनं ब्लॉकमध्ये घेतली तर मला घ्यावीच लागते, ती नियमात बसते. रिले करायचं धोरण वेगळं आणि सगळ्यांनी मानायचा नियम वेगळा. सध्याच्या भांडणात निम्म्या लोकांना हा फरकच माहीत नाही आणि दोन्हीकडून शिव्या चालू.

लहान रकमेसाठी बिटकॉइनच्या वर चालणारं लायटनिंग आहे काका. तुम्ही गिऱ्हाइकाशी खातं ठेवता, प्रत्येक चहाला बँकेत जाता का? हंगामभर वहीत चालतं, शेवटी एकदा हिशोब. तेच ते.

आडतवाला_लातूर

वही माझ्या धंद्यातली आहे, ती मला शिकवू नका 🙂 खातं उघडायला अन बंद करायला दोन्ही वेळा तुमच्या त्याच ब्लॉकमध्ये जागा लागते. लायटनिंगचा मूळ लेख पून अन ड्रायजाचा, त्यातच लिहिलंय की ७०० कोटी लोकांनी वर्षाला दोन चॅनल, म्हणजे अशी खाती, उघडायचे म्हणलं तर १३३ एमबीचे ब्लॉक लागतील. तुमच्याच पोथीत आहे हे. म्हणून मग लोक काय करतात, कुण्या कंपनीच्या लायटनिंग ॲपमध्ये पैसे ठेवतात. म्हणजे दुसऱ्याच्या खिशात. फिरून तिथंच.

बीडबायपास

काका एक हिशोब मी पण करतो. २०१७ चे तुमचे सहा हजार आज कितीतरी पट झाले असतील. तेवीसशेच्या फीमुळं तुम्ही ते पाठवले नाहीत म्हणून राहिले. त्या १ एमबीला नारळ फोडा. मोठ्या ब्लॉकवालं बिटकॉइन कॅश, ज्यानं तुमचं सगळं ऐकलं, २०१८ ला ३२ एमबी केलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा भांडून दोन तुकडे झाले, त्याचा भाव आज बिटकॉइनच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी. काटे वाढवले, गाड्याच आल्या नाहीत.

आडतवाला_लातूर

भाच्याला पैसे पाहिजे होते तेव्हा नाही गेले हे विसरू नका. नफा झाला म्हणून सोय झाली असं होत नाही. पैसे म्हणून वापरायला घेतलं होतं, सोनं म्हणून नाही. सोनं मला सराफ्यात मिळतं.

दुधनाकाठचा

काका भांडण बाजूला. तुमच्या त्या तीन खरेद्यांचे तीन तुकडे अजून त्याच वॉलेटात वेगवेगळे असतील तर आत्ता एकत्र करून घ्या, गर्दी नाही, बाइटला १ सातोशी (बिटकॉइनचा सगळ्यात लहान भाग) दर चालतो. फी वाढली की तीन तुकड्यांची फी एका तुकड्याच्या दुपटीहून जास्त लागते, २०१७ ला तुमचं थोडंफार तेच झालं होतं. वॉलेटमध्ये सगळी रक्कम स्वतःच्याच नवीन पत्त्यावर पाठवा. आधी वॉलेट परत मिळवायचे बारा शब्द कागदावर आहेत का बघा.

आडतवाला_लातूर

बारा शब्द बिलबुकाच्या मागच्या पानावर निघाले, बिलबुक गोदामात निघालं, त्यात दुपार गेली. केलं एकत्र. दोन ब्लॉक थांबलं, तिसऱ्यात गेलं. फी पडली पंचेचाळीस रुपये.

पण मग पोरा आता मला हे सांग. फी पंचेचाळीस म्हणजे ब्लॉकमध्ये जागा रिकामी, म्हणजे तुमचं फी मार्केट झोपलेलं. मायनरचं दर ब्लॉकमागचं इनाम २०२४ ला ३.१२५ बिटकॉइनवर आलं, २०२८ ला अजून निम्मं होणार. माझ्या पंचेचाळीस रुपयावर तो किती दिवस मशीन चालवंल? फी महाग केली तर मी जातो, स्वस्त ठेवली तर तो जातो.

दुधनाकाठचा

ह्याला वेगळा धागा काढा काका. आणि खरं सांगू, ह्यावर मला बी रात्री झोप लागत नाही.