रुग्णालयाच्या संकेतस्थळावर अक्षरे मोठी करण्याची सोय पुरेशी आहे का?

प्रश्न (कुडाळ)
आमच्या लहान रुग्णालयाचे संकेतस्थळ मी सांभाळतो. अक्षरे मोठी करणारे आणि रंग बदलणारे तयार साधन त्यावर बसवले आहे. तरीही वेंगुर्ल्याच्या एका दृष्टिहीन रुग्णाला वेळ नोंदवता आली नाही आणि केवळ नंबर लावण्यासाठी ते एसटीने येऊन गेले. आमचे चुकले कुठे?

उत्तर (मालवण)
मी स्वतः दृष्टिहीन आहे. माझ्या फोनवर टॉकबॅक आणि संगणकावर एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारे प्रोग्रॅम, आधीपासूनच असतात, त्यामुळे अक्षर कितीही मोठे केले तरी मला त्याचा उपयोग नाही. रकान्यावर पोहोचताच ‘रुग्णाचे नाव’ असे ऐकू आले पाहिजे. पुष्कळदा ते नाव रकान्याशेजारी दिसते, पण कोडमध्ये लेबल म्हणून त्याच्याशी जोडलेले नसते. मग नुसते ‘एडिट’ ऐकू येते आणि तिथे नाव भरायचे की वय, हे ताडत बसावे लागते. तारखेचे कॅलेंडर तर अनेकदा माउसशिवाय उघडतच नाही. डॉक्टरांच्या वेळा म्हणजे भिंतीवरच्या फलकाचा फोटो! गणपतीत बदललेल्या वेळाही तशाच कळवतात. घरातले कोणी वाचून दाखवील तेव्हा खरे.

उत्तर (रत्नागिरी)
मराठीची आणखी एक अडचण आहे. कृतिदेवसारख्या जुन्या टंकातला मजकूर स्क्रीन रीडर निरर्थक अक्षरांसारखा वाचतो, म्हणून सूचना युनिकोड या प्रमाणित अक्षरसंकेतातच लिहाव्यात. पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नोंदवावे, म्हणजे वाचणारा आवाज मराठी निवडला जाऊ शकतो. ओटीपीची मुदत वाढवून मिळावी. हात थरथरणाऱ्या रुग्णालाही तिचा उपयोग होतो. मजकूर व पार्श्वभूमी यांतील उठाव (उजळपणातील फरक) डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सामान्य अक्षरांसाठी किमान 4.5:1 असावा.

उत्तर (सावंतवाडी)
रुग्णालय खासगी आहे म्हणून हे ऐच्छिक समजू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील सुगम्यतेच्या तरतुदी खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहेत. शिवाय डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी म्हटले आहे.

प्रश्नकर्ता
माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कळीने अर्ज भरून पाहिला, तारखेपाशी अडकलो. दुरुस्तीनंतर वेंगुर्ल्याच्या त्या गृहस्थांनाच तपासण्याची विनंती करतो. मात्र या वेळी त्यांना इथवर बोलावणार नाही.