आईवडील आणि लहान मुलीसह खान्देशात सोपी पायवाट सुचवा: झाडी हवी, पाणी हवं, चढ नको

सागपान, जळगाव

राम राम मंडळी. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा दुसरा आठवडा या काळात आईवडील येत आहेत. वडील ६८ वर्षांचे, उजवा गुडघा उतारावर दुखतो. मुलगी ९ वर्षांची. सलग ३ ते ५ किलोमीटर सगळ्यांना जमतं, किल्ला किंवा घाट चढणं नाही. गाडी आहे, जळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं आहे. थोडं जंगल, थोडा तलावाचा काठ, पक्षी दिसले तर उत्तमच. कुठे जावं, किती वाजता चालायला लागावं आणि पायात काय घालावं, एवढं सांगा.

अंजनसावली, चाळीसगाव

सागपान भाऊ, महिना योग्य निवडलात. आपल्याकडे वाट सोपी की अवघड हे अंतरापेक्षा महिन्यावर ठरतं. खान्देशातलं रान पानगळीचं. साग, सालई, धावडा, पळस फेब्रुवारीपर्यंत बरेचसे उघडे पडतात, मग ३ किलोमीटरही उन्हात भाजून काढतात. अंजन त्यामानाने उशिरापर्यंत हिरवा राहतो, म्हणून सावली शोधताना अंजनाचा पट्टा बघावा. एका देठावर दोन पानं जोडीने येतात, मुलीला ती ओळख लगेच पटेल. तुमच्या तारखांना झाडांवर बऱ्यापैकी पानं असतील, नाल्यांचं पाणी उतरलेलं असेल आणि चिखलही बराच वाळलेला.

जळगावहून पहिली पसंती पद्मालय. एरंडोलपासून साधारण १० किलोमीटर, गाडी देवळापर्यंत जाते. गणपतीचं देऊळ, त्याला लागून तळं, भोवती झाडी. आधी देवळाच्या बाजूने काठाकाठाने जाऊन यावं, ते अगदी सपाट आहे. मग जंगलातल्या रुंद वाटेने जमेल तितकं आत जाऊन त्याच वाटेने परतावं. ठरलेल्या ठिकाणी पोहोचायचंच असा हट्ट धरला नाही तर कुणाच्या गुडघ्यावर ताण येत नाही. कमळं पावसाळा सरताना भरात असतात, नोव्हेंबरअखेर पानंच जास्त दिसतील, हे मुलीला आधी सांगून ठेवा. जवळच्या भीमकुंडाकडे जायचं तर देवस्थानात वाटेची सद्यस्थिती विचारा. खडकाळ भागात वडिलांना उतरवू नका.

दुसरी पाटणादेवी, चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटर. हा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, म्हणून वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, शुल्क भरून आत जावं लागतं. देवीच्या परिसरातून नाल्याच्या कडेने जाणारी वाट पहिल्या टप्प्यात सौम्य आहे. जवळच हेमाडपंती महादेव मंदिर आहे, ते चुकवू नका. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख इथल्याच पाटण गावचा. गणित शिकणाऱ्या मुलीला हे जरूर दाखवावं. पितळखोऱ्याच्या लेण्यांची चढण मात्र तुमच्या बेतात बसत नाही, तिकडे वळू नका.

वेळेचं म्हणाल तर तेव्हा सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सव्वासातला चालायला लागा, साडेदहापर्यंत गाडीपाशी या. दुपारी चालायचंच असेल तर साडेतीनला निघून सव्वापाचला बाहेर. अभयारण्यात अंधार पडेपर्यंत रेंगाळू नये, बिबट्याचा वावर असतो.

तापीपात्र, भुसावळ

पक्ष्यांसाठी हतनूर धरणाचं फुगवट्याचं पाणी, म्हणजे धरणामागे पसरलेला जलाशय. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे, तिथून काठाने थोडं फिरलं तरी पुष्कळ दिसतं. थंडीत चक्रवाक, थापट्या, तलवार बदक उतरतात. सकाळी पाण्याच्या पूर्वेकडच्या काठावर उभं राहा, म्हणजे ऊन पाठीमागून येतं आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. समोरून ऊन आलं की नुसत्या काळ्या आकृत्या. पक्ष्यांच्या दिशेने सरळ चालत गेलं की थवा उठतो. काठाला समांतर, तिरकं, थांबत थांबत जावं. बदकांनी माना उंचावल्या की तिथेच थांबा, आणखी दोन पावलं पुढे टाकलीत की थवा उडालाच समजा.

आता मुख्य धोका. धरणाचं पाणी मागे सरकलं की गाळ उघडा पडतो. वरून तडे गेलेला, वाळलेला दिसतो आणि पापुद्र्याखाली घोट्याच्या वरपर्यंत मऊ असतो. मूल आधी तिकडेच पळतं. खूण अशी: तड्यांच्या कडा पांढुरक्या आणि वर वळलेल्या असतील तर बहुधा कोरडं, कडा काळपट आणि सपाट असतील तर खाली ओल आहे. पुढे काठी दाबून बघा, वीतभर सहज आत गेली तर मागे फिरा. पाय रुतला तर सरळ वर उपसू नका, खाली पोकळी धरते आणि बूट तिथेच राहतो. टाच आधी डावी-उजवीकडे हलवून हवा आत जाऊ द्या, मागे झुकून वजन दुसऱ्या पायावर किंवा बुडावर घ्या, मग हळूच काढा.

गाळपेर जमिनीत, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरलेल्या गाळाच्या जमिनीत, पीक उभं असेल तर मधून जाऊ नका, बांधावरून जा आणि शेतकऱ्याला विचारा. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाज्यांजवळ जायला बंदी असते. पाण्यात कुणीही उतरायचं नाही, फुगवट्याखाली जुनी पात्रं आणि खड्डे असतात, काठापासून हातभरावर खोली एकदम बदलते.

कुसळकाढ्या, शहादा

दोघांनी छान सांगितलंय. मी पायांचं सांगतो.

उतारावर गुडघ्याला त्रास देतो तो मुरूम, पायाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखा घरंगळतो. त्याहून वाईट सागाची वाळलेली मोठी पानं, खाली गोटे झाकून टाकतात. वडिलांना एक काठी द्या, सपाटीवर धरली की कोपर काटकोनात राहील एवढ्या उंचीची. उतारावर ती ४-५ सेंटीमीटर जास्त असली तर बरी, म्हणून मुठीच्या वर थोडी लांबी सोडूनच घ्या. पाऊल छोटं, गुडघा किंचित वाकलेला, काठी आधी आणि दुखरा पाय मागून. नवे बूट पहिल्यांदा त्याच दिवशी घालू नका. खाचा असलेला तळ पुरतो, भारी ट्रेकिंग बूट लागत नाहीत. काळ्या मातीत मात्र सकाळच्या दवातही तळाला लपका धरतो आणि पाय जड होतो, तो दगडाच्या कडेवर खरवडून काढत राहा.

त्या दिवसांत गवत वाळलेलं असतं, म्हणजे कुसळं. विणलेल्या लोकरी मोज्यात ती बसली की घोट्यापर्यंत टोचत जातात. कुसळाच्या टोकाला उलट्या दिशेचे केस असतात, म्हणून मागे ओढलं की तुटतं आणि टोक आत राहतं. मोजा उलटा करा आणि आतल्या बाजूने टोक धरून पुढेच ओढून काढा. घट्ट विणीची फुल पँट मोज्यांवर सोडा, मोज्यात खोचू नका.

वेलीवर तपकिरी, मखमली शेंगा दिसल्या तर ती खाजकुइली, हात लावू नका. लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी दाबून लव उचला, मग भरपूर पाण्याने धुवा. कपडे वेगळे धुवा.

कड्याखाली आग्या मोहोळं असतील तर अत्तर, धूर, आरडाओरडा काहीच नको. उठलीच तर तोंड झाकून पळा, पाण्यात उडी मारू नका. दगड हाताने उलटू नका, खाली फुरसं (विषारी साप) असू शकतं. चावलाच साप तर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, तो अवयव हलू न देता १०८ ला (रुग्णवाहिकेला) फोन करा आणि सरळ दवाखाना गाठा. आत रेंज जाते, म्हणून घरी परतीची वेळ सांगून निघा.

पाणी माणशी दीड लिटर, ओआरएसची दोन पाकिटं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी एवढं पुरे. खाऊ प्लास्टिकच्या पिशवीत हातात धरू नका, देवळांजवळ माकडं नेमकी तीच ओढतात.

सागपान

सर्वांचे मनापासून आभार. पद्मालय आणि हतनूर पक्कं. एक रात्र राहायचं ठरलं तर सातपुड्यातलं तोरणमाळ जमेल का? आणि मनुदेवीचं देऊळ?

कुसळकाढ्या, शहादा

तोरणमाळ जमेल, पण राहूनच. पठार साधारण ११०० मीटर उंचीवर, डिसेंबरात पहाटे चांगलीच थंडी, वडिलांना कानटोपी हवीच. यशवंत तलावाच्या काठाने सकाळी चाला, चढ फारसा नाही. सीताखाईची दरी कठड्यावरूनच बघायची, धबधब्याला तेव्हा पाणी फारसं नसतं. सातपायरी घाटाची वळणं मुलीला लागतील, रिकाम्या पोटी किंवा पोटभर, दोन्ही प्रकारे नेऊ नका. खोली आधी पक्की करा, घाट उजेडात चढा.

अंजनसावली, चाळीसगाव

मनुदेवी तुमच्या तारखांना ठीक. पावसाळ्यात मात्र तिथल्या नाल्यात उतरू नये, कारण सातपुड्यावर पाऊस पडून खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं आणि काटक्या-पानं वाहत येऊ लागली की सामान उचलायला न थांबता बाजूच्या उंचावर चढायचं. पाटणादेवीच्या नाल्यालाही हेच लागू.