युद्ध होणार की नाही हे ठरलेलं नसताना मदतीचा रस्ता आधी कसा ठरवतात?

रानजाई

नमस्कार. मी नागपूरला मालवाहतुकीच्या धंद्यात आहे. पुढच्या महिन्यात जॉर्डनमध्ये अम्मानला एका मदतसंस्थेत रुजू होतेय, गोदाम आणि वाहतूक सांभाळायला. माल मागवणं, भरणं, पाठवणं हे मला जमतं. अडतंय ते पुढेच. शेजारच्या देशात युद्धाची चिन्हं आहेत, पण अजून काहीच पेटलेलं नाही. सीमा आज उघडी आहे, उद्या बंद होऊ शकते. अशा वेळी फाटक कोणाच्या सहीने उघडतं? युद्ध सुरू व्हायच्या आधी दोन्ही बाजूंकडून काही कबूल करून घेता येतं का? इथे आखातात काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय. पुस्तकी उत्तरं मिळाली आहेत, प्रत्यक्षात काय होतं ते हवंय.

शुवैखचा राजापूरकर

रानजाईताई, 2003 साली मी कुवेतला शुवैख बंदराजवळच्या एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंग कंपनीत होतो. मदतसंस्थांचा माल सोडवून पुढे काढायचं काम आमच्या टेबलावर यायचं. जे पाहिलं ते सांगतो.

त्या जानेवारीत अमेरिका इराकवर हल्ला करणार हे सगळ्यांना दिसत होतं, पण तसं बोलायची सोय नव्हती. संयुक्त राष्ट्रांची कोंडी सगळ्यात मोठी. उघड तयारी केली तर युद्ध गृहीत धरलं असं होणार, नाही केली तर माणसं मरणार. डिसेंबर 2002 मधला त्यांचा एक अंतर्गत अंदाज जानेवारीत बाहेर फुटला, त्यात पाच लाख लोकांना उपचार लागू शकतील असं लिहिलेलं होतं. फेब्रुवारीत स्वित्झर्लंडने याच विषयावर जिनिव्हात बैठक घेतली. अमेरिका गेली नाही, इराकला आमंत्रण नव्हतं. फाटक ज्यांच्या हातात होतं ते दोघेही त्या खोलीत नव्हते. तुमच्या 'कोणाच्या सहीने' या प्रश्नाचं तेव्हाचं उत्तर हे असं होतं.

मग जो तो आपापल्या परीने तजवीज करू लागला. अमेरिकी लष्कर आणि कुवेत सरकार यांनी मिळून कुवेतमध्ये मदतीच्या समन्वयाचं केंद्र उघडलं. बऱ्याच संस्थांना लष्कराच्या पंखाखाली बसायचं नव्हतं, पण सीमेची परवानगी तिथूनच मिळणार होती, त्यामुळे जावं लागायचंच. काही संस्थांनी अम्मानला एकत्र येऊन आपली वेगळी तयारी केली. संयुक्त राष्ट्रांचा वाहतुकीचा समन्वय सायप्रसमधल्या लार्नाकाहून चालायचा. अमेरिकी संस्थांना तर 1990 पासून इराकवर असलेल्या व्यापारी निर्बंधांमुळे तिथे नुसती पाहणी करायची म्हटलं तरी स्वतःच्याच सरकारचा परवाना लागायचा.

आता कागदांचं. तुमचं रोजचं काम तेच असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कुवेतमध्ये आलेला माल ड्युटी न भरता पुढे पाठवायचा, तर तो देशाबाहेर गेल्याचा पुरावा द्यावा लागतो. आपल्या बाजूचा बाहेर पडल्याचा शिक्का मिळेल. पलीकडे उतरल्याचा शिक्का कोण मारणार? पलीकडचं कस्टम तर आक्रमणाच्या पहिल्याच दिवशी उठून जाणार. एका संस्थेचा पाणी शुद्ध करायचा माल आमच्याकडे पडून होता, त्यात क्लोरीनचे ड्रम होते. क्लोरीन रासायनिक शस्त्रांसाठी वापरता येतो म्हणून निर्बंधांच्या काळात त्याच्यावर कडक नजर असायची. पॅकिंग लिस्टमध्ये त्या ड्रमांपुढे 'पाणी शुद्धीकरण साहित्य' एवढंच लिहिलेलं. त्या एका ओळीपायी अख्खी खेप अडकली. तंबू, बादल्या, साबण, सगळं त्याच्याबरोबर उभं राहिलं. तुम्ही असा माल पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा, वेगळ्या बिलावर, अंतिम वापर कुठल्या केंद्रावर होणार ते नावानिशी लिहून.

आणि ड्रायव्हर. गोदामवाले ट्रक मोजतात, ट्रक चालवणाऱ्याला कोणी विचारत नाही. आमच्याकडचे ड्रायव्हर पाकिस्तानी, इजिप्शियन, आपले भारतीय. त्यातल्या एका वयस्क पठाणाने मला सरळ विचारलं, "गाडी जळाली तर मालकाला विमा मिळेल. मी जळालो तर घरी पैसे कोण पाठवणार?" विम्याची पॉलिसी मी स्वतः वाचली होती. युद्धाची जोखीम वगळलेली होती, आणि ड्रायव्हरबद्दल एक शब्द नव्हता. पुढच्याच वर्षी कुवेतहून गेलेल्या ट्रकवरचे तीन भारतीय ड्रायव्हर इराकमध्ये ओलीस धरले गेले, सुटायला सहा आठवडे लागले. ती बातमी ऐकताना मला त्या पठाणाचीच आठवण होत होती.

17 मार्चला संयुक्त राष्ट्रांचे महासचिव कोफी अन्नान यांनी संयुक्त राष्ट्रांची माणसं इराकमधून काढून घ्यायचा निर्णय जाहीर केला. कुवेत-इराक सीमेवर इराकच्या बाजूला 10 आणि कुवेतच्या बाजूला 5 किलोमीटरचा निर्लष्करी पट्टा होता, तिथल्या निरीक्षकांचं कामही त्याच दिवशी थांबलं. 20 तारखेला युद्ध. 26 तारखेला कुवेतच्या रेड क्रेसेंटचे ट्रक सीमेपलीकडच्या सफवान गावात पोचले, आणि तिथे काय झालं ते जगाने टीव्हीवर पाहिलं. धट्टीकट्टी पोरं ट्रकवर चढली, खोकी खाली फेकली जात होती, आणि बायका-म्हातारी माणसं कडेला रिकाम्या हातांनी उभी. गावात वाटप कोण करणार हे आधी ठरलेलंच नव्हतं. 28 तारखेला 'सर गॅलहॅड' हे ब्रिटिश जहाज मदत घेऊन इराकच्या उम्म कसर बंदराला लागलं. सुरुंग काढेपर्यंत तेही खोळंबलं होतं.

या ट्रकांवर आणि जहाजावर इराक जगला नाही, हे मला ठासून सांगायचंय. तो जगला रेशनवर. 1990 पासून तिथे सरकारी रेशन होतं, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली तेल विकून अन्न आणायच्या 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेचा माल त्याच दुकानांतून वाटला जायचा. माणशी महिन्याला 9 किलो पीठ, 3 किलो तांदूळ, 2 किलो साखर, शिवाय डाळ, तेल, चहा. चाळीस हजारांवर दुकानदार, आणि सुमारे 60 टक्के जनता पूर्णपणे त्यावर अवलंबून. युद्धाआधीच्या महिन्यांत सरकारने पुढचं रेशन आगाऊ वाटून टाकलं, त्यामुळे घरोघरी धान्य होतं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने सहा लाख लोक बाहेर पडतील असं धरून तयारी ठेवली होती, तेवढे आले नाहीत. घरात पीठ आहे आणि रेशनकार्ड आपल्या मोहल्ल्यातल्या दुकानाशी बांधलेलं आहे, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं असं माझं ठाम मत आहे.

म्हणून ताई, गोदाम भरायच्या आधी पलीकडे आज कोण काय वाटतंय ते शोधा, आणि ते चालू राहायला काय लागेल ते विचारा.

कलम_उनसाठ

राजापूरकरांनी प्रत्यक्षातलं सांगितलं, मी कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. वकिली याच विषयात आहे.

युद्धात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या चौथ्या जिनिव्हा करारातलं कलम 55 म्हणतं की व्यापलेल्या प्रदेशात अन्न आणि औषधं पुरवण्याची जबाबदारी कब्जा करणाऱ्याची. कलम 59 प्रमाणे तिथे पुरवठा अपुरा असेल तर त्याने बाहेरची मदत येऊ दिलीच पाहिजे. प्रत्यक्ष लढाई चालू असताना मात्र बाजू इतकी भक्कम नसते. तिथे कलम 23 आहे, आणि त्यातली जाण्याची मुभा अटींना बांधलेली आहे. तुम्ही ज्या काळाबद्दल विचारताय, म्हणजे लढाई सुरू व्हायच्या आधी, तेव्हा तर ज्या देशात जायचं त्या सरकारच्या संमतीशिवाय काही नाही. संमती मागायची वेळ हीच. गोळी सुटल्यावर त्या सरकारचा सही करणारा अधिकारी खुर्चीवर असेलच असं नाही.

इराकमध्ये आणखी एक गाठ होती. 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेतला सुमारे 10 अब्ज डॉलरचा माल करार होऊन वाटेवर किंवा तयारीत होता. उम्म कसर, तरेबील, अल-वलीद, झाखो अशा ठरावीक नाक्यांवर संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले तपासनीस माल पोचल्याची खात्री करायचे, तेव्हाच पुरवठादाराचे पैसे सुटायचे. तपासनीस निघून गेले आणि सगळं अडकलं. सुरक्षा परिषदेने 28 मार्चला ठराव 1472 करून महासचिवांना 45 दिवसांपुरते अधिकार दिले, तेव्हा गाडं हललं. हा ठराव आदल्या महिन्यात तयार ठेवता आला असता. मसुदा करणं म्हणजे युद्धाला मान्यता देणं, या भीतीने वेळ गेला असं मला वाटतं, आणि त्याचा मला आजही राग येतो.

जुना कुवेतवाला

1990 चं कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. इराकने कुवेत घेतलं तेव्हा मी तिथल्याच सालमिया भागात होतो. एक लाखावर भारतीय अडकलेले, दुकानं रिकामी होत चाललेली. सुरक्षा परिषदेच्या निर्बंधांच्या ठराव 661 मध्ये 'मानवतावादी परिस्थितीत' अन्नाला सूट होती, पण ती परिस्थिती आहे की नाही हे ठरवायचं कोणी, यावर न्यूयॉर्कला खल चालला होता. भारताने चिकाटीने मागणी लावून धरली. सप्टेंबरच्या मध्यात ठराव 666 झाला, समितीची परवानगी मिळाली आणि 'विश्व सिद्धी' हे आपलं जहाज सुमारे 10,000 टन धान्य घेऊन निघालं. जहाजावर माल चढवायला वेळ लागला नाही. वेळ गेला तो त्या परवानगीत.

आम्ही पुढे बगदादमार्गे अम्मानला आलो. इराक आणि जॉर्डनच्या मधल्या वाळवंटात लोक उघड्यावर पडलेले होते, कुठल्याच देशात नाही अशा पट्ट्यात. पाण्याच्या टँकरमागे माणसं धावत होती. रानजाई, तुम्ही अम्मानला पोचलात की रुवैशिद या सीमेकडच्या गावाच्या रस्त्याने सीमेपर्यंत एकदा जाऊन या. नकाशात दोन देशांच्या मधे एक रेघ दिसते. प्रत्यक्षात तेव्हा दोन चौक्यांच्या मधे मोठं अंतर होतं. आज तसं अंतर आहे का, आणि असेल तर त्याचा मालक कोण ते विचारून ठेवा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रायव्हरच्या विम्याचं मी खरंच कुठे वाचलं नव्हतं. राजापूरकरकाका, एक विचारू? पलीकडे जे चालू आहे ते चालू ठेवायचं म्हणालात. पण आमची परदेशी माणसं निघून आली की ते आम्ही कसं करणार?

शुवैखचा राजापूरकर

पलीकडच्या तुमच्याच माणसांकडून. संयुक्त राष्ट्रांचे परदेशी लोक गेले तरी हजारो इराकी कर्मचारी तिथेच होते, लढाई थांबताच रेशनचा गाडा त्यांनी आणि दुकानदारांनी पुन्हा सुरू केला. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस तर त्या आक्रमणाच्या काळात बगदाद सोडून गेलीच नाही. दक्षिण इराकमधल्या बसरा शहराच्या पाण्याचं उदाहरण बघा. 21 मार्चला वीज गेली आणि वफा अल-काईदचं पंपिंग स्टेशन बंद पडलं, शहराचं बहुतेक पाणी तिथून. रेड क्रॉसच्या लोकांनी दोन्ही सैन्यांशी बोलणी केली आणि काही दिवसांनी माणसं आत नेऊन जनरेटर चालू केले. त्यांना ते जमलं, कारण ते आधीपासून त्याच स्टेशनवर काम करत होते. तिथल्या इंजिनिअरांना ते ओळखत होते, आणि दोन्ही बाजूंना त्यांचा चेहरा माहीत होता.

तेव्हा अम्मानला गेल्यावर पहिल्या आठवड्यातच हे बघा. पलीकडच्या कर्मचाऱ्यांना दोन-तीन महिन्यांचा पगार रोख आगाऊ देता येतो का, कारण बँका बंद पडतात. फोन बंद पडल्यावर खर्चाचा निर्णय स्वतः घ्यायचा लेखी अधिकार त्यांच्याकडे आहे का. गोदामांची, दवाखान्यांची, पंपांची ठिकाणं नकाशावरच्या नेमक्या आकड्यांसह दोन्ही बाजूंना कळवली आहेत का, आणि कळवल्याची पोच तुमच्याकडे आहे का. तोंडी 'कळवलं' चालत नाही, पोचेवर तारीख आणि नाव घ्या. कलम_उनसाठ ताईंनी सांगितलेली संमतीसुद्धा जमलं तर दोन माणसांच्या सहीने घ्या, एक राजधानीतला आणि एक नाक्यावरचा. राजधानीतला बदलला तरी नाक्यावरचा बऱ्याचदा तोच असतो.

विम्याचा नमुना मजकूर हवा असेल तर इथे लिहा. माझा भाचा दुबईत त्याच कामात आहे, त्याच्याकडून मागवून देतो.