आजोबा १०१ वर्षांचे, इटलीच्या लढाईत होते, पण बोलतात फक्त बैलांबद्दल. पलटण कशी शोधू?

खटावची_माती

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. माझे आजोबा, आम्ही सगळे आप्पा म्हणतो, शाळेच्या दाखल्यावर जन्म १९२४. खटाव तालुक्यातलं कोरडवाहू गाव, एक विहीर, सगळा जन्म शेतीत गेला. मागच्या दिवाळीपर्यंत काठी टेकत बांधापर्यंत जायचे, आता ओसरीवर बसून असतात. कमी ऐकू येतं पण डोकं एकदम साफ, ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण होतं, लाल मिलोची भाकरी कशी घशाखाली उतरायची नाही, कूळकायद्यात कुठली पट्टी नावावर झाली, मोट सुटून विहिरीवर इंजिन कधी बसलं, सगळं तारीखवार सांगतात. फक्त १९४२ ते ४६ ही चार वर्षं त्यांच्या बोलण्यात येतच नाहीत. मिलिटरीत होते एवढंच घरात माहीत.

गेल्या महिन्यात ओसरीचे पत्रे बदलायला काढले तेव्हा माळ्यावरची ट्रंक खाली घेतली. त्यात पानाची जुनी चंची आणि चंचीत चार मेडलं. दोन सहा टोकांच्या चांदण्या, एकीवर इंग्रजीत इटली स्टार लिहिलंय, दुसरीवर १९३९-१९४५. दोन गोल, त्यातल्या एकावर सिंह कसल्यातरी जनावरावर उभा आहे. रिबिनी कुजून गेल्यात. एक डिस्चार्ज बुक आहे पण ते कधीतरी भिजलेलं, पलटणीचं नाव वाचता येत नाही.

इटलीबद्दल आजपर्यंत एकदाच बोललेत, यंदाच्या बेंदराला. शेजारच्यांनी खिल्लार जोडी रंगवून दारात आणली, आईनं पुरणपोळी चारली, आणि आप्पा एकदम म्हणाले, "हितल्यापेक्षा वीतभर उंच व्हती तिकडं. पांढरीफेक. शिंग आखूड, नाक काळं. एक म्हातारा गोळं पडत व्हतं तरी नांगर सोडंना." मग गप्प. मी विचारलं कुठं आप्पा, तर पाणी दे म्हणाले.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. पलटण कशी शोधायची आणि त्यांना बोलतं करावं की नको? वय बघता आता नाही विचारलं तर कधीच कळणार नाही असं वाटतं, आणि दुसरीकडे ८० वर्षं जे दाबून ठेवलं ते मी कशाला उकरू असंही वाटतं.

निवृत्त_सुभेदार

जय हिंद. आप्पांना माझा सॅल्यूट सांग बाळा. पहिली गोष्ट, मेडलांना चिंच, पितांबरी, ब्रासो काही काही लावू नकोस. लोक चकाचक करायच्या नादात अक्षरं घासून घालवतात. सिंहवालं आहे ते वॉर मेडल, सिंहाच्या पायाखाली दोन तोंडांचा ड्रॅगन आहे बघ. दुसऱ्या गोलावर मुकुट घातलेलं ओकचं झाड असेल तर ते डिफेन्स मेडल. इटली स्टारची रिबीन तांबडी, पांढरी, मधे हिरवी, परत पांढरी, तांबडी अशी असते, नवीन विकत मिळते, जुनी फेकू मात्र नको.

आफ्रिका स्टार नाही यावरूनही कळतं. ते मेडल १२ मे १९४३ पर्यंतच्या आफ्रिकेतल्या कामगिरीचं, म्हणजे आप्पा त्यानंतर रिक्रूटांच्या तुकडीतून पुढं गेले असणार. सातारा जिल्ह्यातला मावळा म्हटल्यावर मराठा लाइट इन्फंट्री धरून चालू, ट्रेनिंग बेळगाव. तेव्हाचं नाव पाचवी मराठा. इटलीत तिची पहिली पलटण, म्हणजे आपली जंगी पलटण, आठव्या डिव्हिजनमध्ये होती आणि तिसरी दहाव्या डिव्हिजनमध्ये. तिसरीच पुढं २ पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली.

दोन्हींनी एकेक व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक आणलं. तिसरीचे नायक यशवंत घाडगे, माणगावकडचे, १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्यानं मशीनगनच्या मोर्चावर गेले आणि तिथंच पडले, वय बावीस. तिथं मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं स्मारक झालं, सूर्यघड्याळाचं. आणि पहिलीचे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर. एका जखमीला खोल पाण्यातनं आणि सुरुंगातनं उचलून आणलं, दुसऱ्या जखमीला आणायला परत गेले, मग तीन मशीनगन बंद पाडल्या. हाताला गोळी लागून बंदूक चालेना तर बॉम्ब फेकले, आणि शेवटी नदीच्या बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जना देत मागच्यांना हात केला. आप्पा या दोन पलटणींपैकी एकीत असतील असा माझा अंदाज.

बेळगावला रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस आहे, लेखी अर्ज कर. आणि साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जा. दुसऱ्या महायुद्धातल्या बिनपेन्शनवाल्या जवानांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा अनुदान देतं, आप्पांना मिळतंय का?

गुरांचा_डॉक्टर

सुभेदार साहेबांनी पलटणी सांगितल्या, मी बैल सांगतो कारण ते वाक्य वाचून मी उठून बसलो. पांढराफेक रंग, खिल्लारापेक्षा उंच, आखूड शिंग, काळी नाकपुडी, हे डिट्टो कियानिना जातीचं वर्णन आहे. जगातली सगळ्यात उंच जात, वळू खांद्याशी सहा फुटाला टेकतो. कातडी काळी आणि वर केस पांढरे, म्हणून नाक, खूर, शेपटीचा गोंडा काळा दिसतो. मूळ मुलूख वाल दी कियाना हे खोरं, म्हणजे मध्य इटली, टायबरच्या वरच्या खोऱ्याला लागूनच. त्यावरून १९४४ चा उन्हाळा आणि तिसरी पलटण असं वाटतं.

पण एकदम नक्की करू नका. सेनियो नदी ज्या रोमान्या भागात आहे तिथं रोमान्योला म्हणून दुसरी जात, तीही पांढरटच, पण राखाडी झाक, बांधा बुटका आणि शिंगं मोठी, वळूची अर्धचंद्रासारखी. दोन्हींचे फोटो मोठे करून आप्पांना दाखवा. शेतकरी माणूस शंभरीतही जनावर चुकणार नाही.

लेक_कोरेगावची

दादा, बोलतं करण्याबद्दल सांगते. माझे आजेसासरे बर्मा फ्रंटला होते. आम्ही पहिल्यांदा मोबाइल समोर धरून किती शत्रू मारले असं विचारलं, मूर्खपणाच होता तो, दोन दिवस जेवले नाहीत नीट. मग सासूबाईंनी एकदा भाजी निवडता निवडता विचारलं, मामंजी तिकडं जेवायला काय असायचं, आणि ते तासभर बोलले. खेचरावर पीठ कसं लादायचं, पावसात चूल कशी पेटवायची. तुमच्या आप्पांनी दार स्वतःच उघडलंय, बैलांचं. तिथूनच आत जा. संध्याकाळी मात्र विचारू नका, रात्र जड जाते.

आणि अजून एक, आपल्या भागात ४२ म्हणजे काय ते लक्षात घ्या. वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, ९ सप्टेंबरला गोळीबार झाला, माणसं पडली. पुढं पत्री सरकार. ज्यांच्या घरातलं पोरगं तेव्हा इंग्रजांच्या वर्दीत होतं ते गावात काय तोंडानं सांगणार? आमच्याकडं तरी ते एक कारण होतं.

खटावची_माती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सकाळी उन्हात खाट टाकली आणि दोन्ही फोटो दाखवले, नुसते, काही न बोलता. आप्पांनी चष्मा मागितला, राखाडी बैलाचा फोटो बाजूला सारला आणि कियानिनावर बोट ठेवून म्हणाले, "ही." मग किती वेळ त्या फोटोवरनं अंगठा फिरवत होते, फोन सारखा झूम होत होता, मी परत परत नीट करून देत होतो. म्हणाले नदी उन्हाळ्यात गुडघ्याएवढीच होती, पलीकडं टेकडीवर घर, त्या म्हाताऱ्यानं यांना खळ्यावर बसवून पाव आणि द्राक्षं दिली, भाषा कळत नव्हती पण यांनी त्याच्या बैलाचा खूर उचलून अडकलेला खडा काढून दिला तर तो रडला. दुसऱ्या दिवशी पुढं गेले, परत येताना घर नव्हतं. बैलांचं विचारलं नाही मी.

ताई, तुमचं खरं निघालं. आप्पांचा सख्खा चुलतभाऊ वडूजच्या मोर्चात होता, डोक्याला लाठी लागलेली. त्या तात्यांचा १९७२ चा ताम्रपट आजही त्यांच्या सोप्यात भिंतीवर आहे, लहानपणापासून आम्ही त्याला हात जोडतो. आप्पा म्हणाले, "त्येच्या डोस्क्यात काठी बसली आन मी त्याच सरकारचा पगार खात व्हतो. कुठं लावू चांदण्या?" आप्पा भरती झाले तेव्हा घरात सावकाराचं कर्ज होतं, पैसे पाठवले म्हणून विहिरीजवळची पट्टी वाचली, हे मला वडिलांनी काल रात्री पहिल्यांदा सांगितलं. तात्या आणि आप्पा शेवटपर्यंत एका पैऱ्यात होते, एकमेकांचे बैल वापरायचे, पण यावर दोघं एका शब्दानं बोलले नाहीत म्हणे.

अनुदान मिळत नाहीये, कधी अर्जच केला नव्हता. साताऱ्याला मंगळवारी जातोय. सुभेदार साहेब, डिस्चार्ज बुकावरच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे गेलेत, बेळगावला नाव-गावावरून शोधतील का?

निवृत्त_सुभेदार

अर्जात वडिलांचं नाव, गाव, त्या वेळचा तालुका, भरतीचं आणि सुटल्याचं साल, आणि आहेत तेवढे आकडे लिही. तिसरी पलटण असावी असंही लिही, शोधायला सोपं जाईल. बुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढ, कोरं दिसणारं पानसुद्धा, तिरप्या उजेडात दाबाची अक्षरं कधीकधी वाचता येतात. मूळ बुक कुणाच्या हातात देऊ नकोस. आणि मंगळवारी निघण्याआधी आप्पांना विचार, पलटणीतली कंपनी कुठली होती, ए, बी, सी का डी. नंबर विसरतो माणूस, कंपनी विसरत नाही.