व्हिडिओ कॉलवर तबला शिकवताना बाया ऐकू जात नाही, तिरकिट तुटतं

ठेका१६

पुण्यातल्या घरच्या डेस्कटॉपवरून (विंडोज 11, 8 जीबी रॅम, साधा यूएसबी वेबकॅम) तबल्याची शिकवणी चालते. दोन विद्यार्थी न्यू जर्सीत, एक नाशकात. बोलणं स्वच्छ पोचतं, पण वाजवायला लागलं की बायाचा (डाव्या हाताच्या डग्ग्याचा) घुमारा गायब होतो, तिरकिटमधली (झपाझप वाजणाऱ्या बोलांतली) अक्षरं गळतात आणि मागे लावलेला तानपुरा दोन-चार सेकंदांत विरतो. लेहऱ्यावर (ताल धरून ठेवणाऱ्या, पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेवर) दोघांनी मिळून वाजवलं तर समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, गाठच पडत नाही. माइकवर चार-पाच हजार घालायची तयारी आहे. माइक बदलायचा की दोष सेटिंगचा?

मंद्रसप्तक

पैसे अजून खर्च करू नका. तानपुरा विरतो, ही खूण पुरेशी आहे. असे सगळे प्रोग्रॅम माणसाचं बोलणं पुढे पाठवायला बनवलेले असतात. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो त्यांच्या लेखी पंखा किंवा मिक्सर, म्हणून तानपुरा आणि हार्मोनियमचा लांब धरलेला सूर पुसला जातो. जो आवाज टचकन येऊन थांबतो तो कीबोर्डची टकटक, म्हणून चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) ‘ना’ आणि तिरकिट कापलं जातं.

झूममध्ये यावर थेट उपाय आहे. सेटिंग्ज, मग ऑडिओ, तिथे ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा. त्याखालचा ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ही चालू करा, म्हणजे आवाज 48 किलोहर्ट्झ आणि मोनोला 96 केबीपीएसपर्यंत जातो. ‘स्टिरिओ’ बंदच ठेवा. एका माइकला त्याचा काही उपयोग नाही, डेटा मात्र दुप्पट जातो. ‘इको कॅन्सलेशन’ची (प्रतिध्वनी पुसण्याची) खूण काढा, पण दोन्हीकडे हेडफोन असतील तरच. आणि ‘माइकचा आवाज आपोआप जुळवा’ अशा अर्थाचा जो पर्याय आहे, तो नक्की बंद करा. तो चालू असला की जोरात ‘धा’ वाजल्यावर प्रोग्रॅम पातळी खाली ओढतो आणि पुढची दोन-तीन अक्षरं दबतात.

बहुतेकांची चूक पुढे होते. सेटिंगमध्ये खूण करून भागत नाही, मीटिंग सुरू झाल्यावर ओरिजिनल साउंडचं बटण ‘ऑन’ आहे का तेही पाहावं लागतं. ते खिडकीच्या वर डाव्या कोपऱ्यात असतं, काही आवृत्त्यांत माइकशेजारच्या बाणात. विद्यार्थी वाजवून दाखवणार असेल तर त्याच्याकडेही हे सगळं हवं.

बायाबद्दल एक वेगळी गोष्ट. त्याचा घुमारा 100 हर्ट्झच्या आसपास असतो. लॅपटॉपचे आणि फोनचे स्पीकर तिथे जवळजवळ मुके असतात. तुमच्याकडून मींड (बायावर सूर घसरवणं) व्यवस्थित गेली तरी समोरच्याला फक्त ‘ठप्’ ऐकू येईल. कानावरचे तारेचे हेडफोन लावायला सांगा.

तारजोडणी

वरचं सगळं बरोबर. त्यात विंडोजची भर घालतो, कारण झूममध्ये सगळं बंद करूनही विंडोज स्वतः आवाज गाळत बसू शकतं. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, तिथे आपला माइक निवडा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. मग जुन्या साउंड पॅनेलमधल्या ‘कम्युनिकेशन्स’ टॅबवर ‘डू नथिंग’ निवडा. मूळ सेटिंगमध्ये कॉल सुरू झाला की विंडोज बाकीचे आवाज 80 टक्के खाली आणतं. कॉम्प्युटरवर लावलेला लेहरा मध्येच का बसतो, त्याचं हेही कारण असू शकतं.

लेहरा विद्यार्थ्याला ऐकवायचा असेल तर स्पीकरवर वाजवून माइकने पकडू नका. ‘शेअर स्क्रीन’मध्ये ‘शेअर साउंड’वर खूण करा, तो सरळ आतून जातो.

ब्लूटूथ हेडफोन शिकवणीत नकोतच. त्यांचा माइक चालू झाला की ते फोनकॉलच्या दर्जावर येतात, आणि त्यांचा स्वतःचा उशीर असतो तो वेगळाच.

आता समेचं. हे कुठल्याही सेटिंगने सुटणार नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका. पुणे ते न्यू जर्सी सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका बाजूचेच किमान 60 मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही, शिवाय दोन्हीकडे आवाजाचा डेटा गुंडाळणं-उलगडणं आणि बफर (आवाज थोडा साठवून मग वाजवणं). जाऊन-येऊन 300 मिलिसेकंद धरा. 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा 500 मिलिसेकंदांची असते. विद्यार्थी तुमच्या लेहऱ्यावर अगदी बिनचूक वाजवत असला तरी तुम्हाला तो अर्ध्या मात्रेहून जास्त मागे ऐकू येणार. नाशकाचं अंतर कमी, पण गुंडाळणं आणि बफर तिथेही आहेच.

म्हणून नियम एकच: जो वाजवतो, लेहरा त्याच्या घरी वाजेल. तुम्ही कायदा (तबल्याची ठरलेली बोलरचना) वाजवून थांबायचं, मग विद्यार्थ्याने त्याच्या लेहऱ्यावर वाजवायचा. तेव्हा तुम्ही हाताने ताल धरून दाखवू नका. तुमची टाळी त्याला उशिरा पोचते आणि तो मागे पडतो.

नेटसाठी राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत कॅट-5ई केबल टाका. एकास एक कॉलला 720पीसाठी 1.2 एमबीपीएस अपलोड लागतं, तेवढं बहुतेक घरांत असतं. गळती वेगामुळे कमी आणि वायफायच्या हिसक्यांमुळे जास्त होते.

उजेडवाला

कॅमेऱ्याबद्दल थोडं. तबल्याच्या पातळीवरून बोटं दिसत नाहीत. कॅमेरा उंचावर, समोरून साधारण 45 अंशांत खाली वळवा, म्हणजे शाई (मधला काळा गोल), मैदान (त्याभोवतीचा भाग) आणि चाट तिन्ही दिसतील. उजेड कमी असला की वेबकॅम एक्स्पोजर लांबवतो आणि 30 फ्रेमचे 15 होतात. मग तिरकिटमध्ये बोटांचा नुसता धूर दिसतो. दिवा पुढून लावा, ‘लो लाइट’चे पर्याय बंद करा, पार्श्वभूमी धूसर करणंही बंद करा. 8 जीबीच्या मशीनवर त्याचा भार पडतो, आणि पुष्कळदा बायाची कडच पार्श्वभूमीत धरली जाते.

चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर वेबकॅमच्या सेटिंगमध्ये पॉवरलाइन फ्रीक्वेन्सी 50 हर्ट्झ करा. न्यू जर्सीच्या विद्यार्थ्यांनी 60 ठेवायची.

ठेका१६

ओरिजिनल साउंड चालू केल्यावर तानपुरा टिकतोय, बायाही जातोय. पण जोरात वाजवलं की आवाज फाटतो. आता तरी माइक घ्यायचा का?

मंद्रसप्तक

आधी विंडोजमध्ये माइकची पातळी खाली आणा. जोरात ‘धा’ वाजवून झूममधली पट्टी शेवटापर्यंत जात नाही ना ते पाहा. तरीही फाटत असेल तर वेबकॅमचा माइकच ओव्हरलोड होतोय, मग यूएसबी कंडेन्सर घ्या. ज्यावर गेनचं (माइक किती आवाज पकडतो ते ठरवणारं) वेगळं बटण आहे असाच निवडा. दायाँ आणि बाया यांच्या मधोमध, अर्धा मीटर अंतरावर, पुडीपेक्षा (वरच्या चामड्यापेक्षा) थोडा वर ठेवा आणि तोंड दोन्हींच्या मध्ये करा. फार जवळ आणला तर बाया सगळं खाऊन टाकतो. त्याचा स्टँड तबल्याच्याच पाटावर नको, थाप लाकडातून माइकमध्ये जाते. खाली घडी घातलेली सतरंजी ठेवा.