महापालिकेला तुम्ही काही सुचवलंत, पुढे काय झालं? (अनुभव धागा)

शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवणं महापालिकेला कायद्यानं बंधनकारक आहे. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवली जातात. तरी "आपल्याला कोण विचारतंय" हे वाक्य रोज कानावर पडतं. म्हणून हा धागा. स्वतः दिलेला अर्ज, हजर राहिलेली सुनावणी, सभा याबद्दल लिहा. काम झालं नसेल तरी लिहा, ते तर आवर्जून. सुरुवात मी करते.

कोथरूड, पुणे
सासरे वॉकर घेऊन चालायचे. आमच्या कोपऱ्यावर पदपथ संपतो तिथे एक पायरी होती. तिच्याशी आले की ते थांबायचे आणि कुणी येतंय का बघत उभे राहायचे. एका सकाळी शिवणाची टेप घेऊन मापलं, नऊ इंच भरली. सहभागी अंदाजपत्रकाचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळाला. एका कामाला ५ लाखांची मर्यादा होती, आमचं काम त्याच्या कितीतरी आत बसणारं. "पदपथ दुरुस्ती" असं मोघम लिहिणार होते, पण काउंटरवरच्या बाईंनी थांबवलं. "कुठला कोपरा, किती लांबी, समोर काय आहे, सगळं लिहा. नाहीतर पाहणीला येणाऱ्याला जागाच सापडत नाही." मग मागच्या बाजूला नकाशा काढला, फोटो जोडला. कनिष्ठ अभियंता खरंच आले. मी सुचवलेल्या जागी खाली ड्रेनेजचं चेंबर होतं, म्हणून त्यांनी उतार दोन फूट पलीकडे घ्यायला सांगितला. मला हे कधीच सुचलं नसतं. पुढच्या आर्थिक वर्षात उतार झाला. सासऱ्यांना तो जेमतेम पाच महिने वापरायला मिळाला. आता शेजारच्या बाळाची गाडी तिथून जाते.

दादर, मुंबई
२०१५ साली २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा आम्ही चाळीच्या गॅलरीत नकाशा पसरून बसायचो. रंगांचा अर्थ लावण्यातच पहिले दोन रविवार गेले. आरक्षण (म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा) कशाला म्हणतात, रस्तारुंदीची रेषा कशी ओळखायची, हे एका निवृत्त ड्राफ्ट्समन काकांनी शिकवलं. एकोणीस घरांनी वेगवेगळ्या हरकती दिल्या. एकाच कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या असत्या तर ती एकच हरकत धरली जाईल, असं काकांचं म्हणणं होतं. शहरभरातून चुका दाखवणाऱ्या हरकतींचा इतका पाऊस पडला की एप्रिलमध्ये राज्य सरकारनं तो मसुदा रद्द करून नव्यानं करायला सांगितलं. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला. पुन्हा गॅलरीत बसलो. काका तेव्हा नव्हते.

शहराचं नाव देत नाही
मैदानावरचं आरक्षण बदलू नये म्हणून हरकत दिली, पण पोच घेतली नाही. बाबू ओळखीचा होता, मागायला संकोच वाटला. सुनावणीच्या यादीत आमचं नाव नव्हतं आणि हरकत दिल्याचा पुरावाही नव्हता. आवक शिक्का मारलेली प्रत हातात आल्याशिवाय टेबल सोडू नका, एवढंच सांगते. अजूनही जीव जळतो.

क्वीन्स, न्यूयॉर्क
इथे काही सिटी कौन्सिल डिस्ट्रिक्टमध्ये किमान १० लाख डॉलरची कामं रहिवाशांच्या मतांवर ठरतात. २०११ मध्ये चार डिस्ट्रिक्टपासून सुरुवात झाली. नागरिकत्व लागत नाही, ११ वर्षांची मुलंही मत देतात. मी व्हिसावर आहे. मी आणि लेक एकाच टेबलाशी उभे राहिलो. तिनं तिच्या शाळेच्या स्वच्छतागृहांना मत दिलं, मी झाडांना. तिनं मला दम भरला, "बाबा, तू तिथे कधी गेलायस का?" मग मीही तिच्याच कामासमोर खूण केली.

विदर्भ, महापालिका क्षेत्र
२००९ च्या दुरुस्तीनं आपल्या राज्याच्या महापालिका कायद्यात क्षेत्र सभा आली. त्या भागातले सगळे मतदार तिचे सदस्य. म्हणजे मी सदस्य आहे, माझी आई आहे, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आहे. आमच्या भागात आजवर किती सभा झाल्या, असं माहिती अधिकारात विचारलं. एका ओळीचं उत्तर आलं: "माहिती निरंक आहे." मधली काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता, तेव्हा सभा बोलावणार तरी कोण? आता नगरसेवक आहेत. मागच्या सोमवारी आम्ही सात जणांनी लेखी मागणी दिली. पहिली सही इस्त्रीवाल्याची आहे. पोच घेतली आहे. तारीख मिळाली की इथेच कळवतो.